एका बटणाचे चार मालक

हिरव्या रंगावरून भांडण होऊ शकतं, हे मला बिडकीनला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. बांधावरून होतं, पाण्याच्या पाळीवरून होतं, पंगतीत पहिली पुरणपोळी कोणाच्या पानात पडली यावरून तर दोन-दोन पिढ्या अबोला टिकतो. पण हिरवा? आणि तोही एकाच कंपनीतला, एकाच छताखालचा, एकाच आईच्या तीन लेकरांचा?

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढचं बिल अडकेल, आणि मागचंच अजून निघायचं आहे. एवढंच सांगतो, की छत्रपती संभाजीनगरहून पैठण रोडनं नक्षत्रवाडी, कांचनवाडी, चितेगाव, फारोळा असं करत बिडकीनला आलं की एक लांबलचक कंपाउंड लागतं. त्याच्या फाटकावर चार पाट्या आहेत. पाइपची, बियाण्यांची, पशुखाद्याची आणि मसाल्याची. चारही पाट्या हिरव्या. मसाला लाल मिरचीचा असला तरी पाटी हिरवीच, कारण या घराण्याला हिरवा लाभतो असं कोणीतरी एकदा सांगून गेलेलं. आणि चारही हिरवे एकमेकांपासून वेगळे. निदान मालकांच्या मते.

पाइप थोरले काका बघतात. बियाणं मधले काका, जे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पदवीधर आहेत आणि दर तिसऱ्या वाक्याला ते सांगतात. पशुखाद्य धाकटे काका. आणि मसाला धाकट्यांच्या मंडळी, ज्यांना कंपाउंडमधला वॉचमनसुद्धा वहिनी म्हणतो. या चौघांना एका माळेत ओवण्यासाठी मला बोलावण्यात आलं होतं.

“काय करता आपण?” थोरल्या काकांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

“डिझाइन.”

“म्हंजी फ्लेक्स?”

“नाही, म्हणजे ॲप असतं, वेबसाइट असते. माणसाला ती वापरताना त्रास होऊ नये म्हणून आम्ही...”

“तेच की. फ्लेक्सच, पण मोबाइलमधला.”

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सीनियर एक्सपीरियन्स डिझायनर’ असं छापलेलं आहे. काकांच्या व्याख्येत मात्र मला आजतागायत चूक सापडलेली नाही.

बोलावणं थोरल्यांच्या चिरंजीवांचं होतं. ते पुण्याहून एमबीए होऊन परतले होते आणि येताना एक लॅपटॉप आणि ‘आपल्याकडे सिस्टीम नाही’ हे एक वाक्य घेऊन आले होते. वाक्यात तथ्य होतं. चार ब्रँडची चार ॲप चार वेगवेगळ्या पोरांनी बनवली होती. पाइपच्या ॲपवर बटण होतं ‘खरेदी करा’. बियाण्यांच्या ॲपवर ‘मागणी नोंदवा’. मसाल्याच्या ॲपवर ‘ॲड टू कार्ट’. पशुखाद्याच्या ॲपवर नुसतंच ‘घ्या’, आणि ते बटण लुकलुकायचं. “म्हशीला नाही दिसलं तरी चालतंय, म्हशीवाल्याला दिसलं पायजे,” हा धाकट्या काकांचा सिद्धान्त. शेतकरी मात्र एकच. तोच पाइप घेणार, तोच बियाणं घेणार, त्याचीच म्हैस पेंड खाणार आणि त्याच्याच घरी मसाला जाणार. त्यानं चार ठिकाणी नाव नोंदवायचं, चार ओटीपी झेलायचे आणि चार जागी पासवर्ड विसरायचा.

यावर उपाय म्हणजे डिझाइन सिस्टीम. रंग, अक्षरं, बटणं, रकाने, सूचना हे सगळं एकदाच नीट बनवून एका जागी ठेवायचं आणि चारही ब्रँडनी तिथूनच उचलायचं. सांगाडा एक, कातडी चार. गूगलनं २०१४ साली मटेरिअल डिझाइन या नावानं असा एक संच जगापुढे ठेवला, आणि तेव्हापासून ज्या कंपनीकडे सिस्टीम नाही तिच्या वारसाला पुण्याच्या कॉलेजात मान वर करून चालता येत नाही.

वास्तविक एका मालाची अनेक नावं करण्यात हा रस्ता कोणाला हार जाणारा नाही. पैठण रोडनं जायकवाडीचं पाणी शहराकडे येतं, ते ७०० मिलिमीटरच्या जलवाहिनीतून, १४०० च्या, ९०० च्या आणि आता २५०० च्या. धरण एकच, पाणी तेच. नळाला ते कोणत्या वारी येणार, एवढंच तेवढं ठरायचं राहिलंय. बिडकीनच्या अलीकडे चितेगावला व्हिडिओकॉन. एकाच समूहाच्या छत्राखाली व्हिडिओकॉन, सॅन्सुई, केनस्टार, केल्व्हिनेटर, इलेक्ट्रोलक्स अशी नावं नांदत होती. आमच्या गल्लीत व्हिडिओकॉनवाले आणि सॅन्सुईवाले कोणाचं चित्र जास्त स्वच्छ यावरून रविवारची सकाळ गाजवायचे, आणि दोघांनाही आपण एकाच घरचे गिऱ्हाईक आहोत याचा पत्ता नव्हता. २००९ साली व्हिडिओकॉननं जुनं चिन्ह टाकून हिरव्या रंगातलं नवं ‘व्ही’ आणलं. त्यात दोन गुबगुबीत आकृत्या होत्या आणि त्यांची नावं होती चाऊ आणि माऊ. मोठमोठ्या तज्ज्ञांनी डोकं लावून शेवटी आपल्याकडे बाळाला घास भरवताना म्हणतात तिथंच यावं, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि एकेक नाव वेगळ्या घरी गेलं. चाऊ-माऊंचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

शहराच्या दुसऱ्या अंगाला शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासूनचा. तिथं स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडी या तिन्ही एका छताखाली जुळवल्या गेल्या. बाहेर पडल्यावर मात्र ऑडीवाला सिग्नलला स्कोडावाल्याकडे बघत नाही. आणि आता टोयोटा. ३१ जुलै २०२४ ला वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार झाला आणि बिडकीनचं नाव जपानपर्यंत पोचलं. टोयोटाचा आधीचा कारखाना कर्नाटकात बिडदीला, नवा आमच्या बिडकीनला. आद्याक्षरांवर एवढा जीव असेल तर बीडकरांनी आशा सोडू नये. या टोयोटाचा आणि मारुतीचा घरोबा तर सगळ्यांना ठाऊक. मारुतीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा होते, फ्राँक्सची टायसर होते, आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीकडे जाऊन इन्व्हिक्टो होते. पुढची जाळी बदलली, चिन्ह बदललं, गाडी तीच. एवढ्या बलाढ्य कंपन्या जर एका गाडीवर दोन नावं लावून सुखानं राहतात, तर आमच्या चौघांचं एका बटणावर का जमू नये?

हा प्रश्न मी चिरंजीवांच्या सांगण्यावरून पहिल्या बैठकीत, भिंतीवरच्या आजोबांच्या चंदनहार घातलेल्या फोटोखाली उभं राहून विचारला. त्यानंतर पोहे आले, आणि पोह्यांनंतर जे व्हायचं ते झालं.

सुरुवात मी शास्त्रापासून केली. अमेरिकेत ब्रॅड फ्रॉस्ट नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी २०१३ साली असं मांडलं की पडद्यावरच्या रचनेतही अणू असतात, रेणू असतात. बटण हा अणू, रकाना हा अणू. दोन्ही जोडले की शोधपट्टी हा रेणू. रेणूंचे मिळून जीव.

“जीव?” थोरले सावरून बसले.

“हो. आणि जिवांची मिळून पानं.”

“आमच्या पाइपात जीव-बिव नको. शेवाळ धरतंय.”

मधले काका मात्र खूश झाले. अणू-रेणू हा त्यांचा प्रांत. त्यांनी पुढचा बराच वेळ संकरित वाणाच्या पेशीविभाजनावर घालवला आणि शेवटी, “सरांचं म्हणणं बरोबर आहे,” असा समारोप केला. माझं म्हणणं तोवर सुरू व्हायचं होतं.

मग मी टोकनकडे वळलो. रंगाचा कोड पानोपानी लिहायचा नाही; त्याला ‘मुख्य-रंग’ असं एक नाव द्यायचं आणि सगळीकडे ते नावच वापरायचं. उद्या रंग बदलला तर एका जागी बदलायचा, बाकी आपोआप बदलतं. याला टोकन म्हणतात. हा शब्द मी बिडकीनमध्ये उच्चारायला नको होता असं तुम्ही म्हणाल. पण जगभर तो हाच आहे, मी तरी काय करणार? ऑरिकच्या नावानं इथं ७,८५५ एकरांची औद्योगिक नगरी उभी राहते आहे, २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पणही झाली. तेव्हापासून, म्हणजे खरं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, या पंचक्रोशीत टोकनला एकच अर्थ आहे.

“एकरी किती द्यायचं म्हणता?” धाकटे काका पुढे सरकले.

“एकरी नाही हो काका. रंगाचं टोकन.”

“रंगाचं बी घेऊ लागले का आता लोकं?”

शेवटी मला शहराच्या नावाचा आधार घ्यावा लागला. कंपनीच्या पाइपच्या बिलावर ‘छत्रपती संभाजीनगर’ होतं, बियाण्यांच्या पुडीवर ‘छ. संभाजीनगर’, मसाल्याच्या डब्यावर दोन्ही नावं कंसासकट आणि पशुखाद्याच्या गोण्यांवर अजून ‘औरंगाबाद’, कारण गोण्या एकगठ्ठा छापलेल्या आणि संपेपर्यंत वापरायच्या हे धोरण. मी म्हटलं, “समजा आपल्याकडे ‘शहर’ नावाचं एक टोकन असतं. २०२३ साली नाव बदललं तेव्हा एका जागी बदललं असतं आणि सगळीकडे एका क्षणात...”

खोलीत शांतता पसरली. टोकन पोचलं होतं. थोरल्या काकांनी पान लावता लावता मान डोलावली.

“म्हंजी सरकारकडं बी टोकन नव्हतं म्हणा की.”

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग हिरवा निघाला.

मी साधा प्रस्ताव ठेवला, की चारही ब्रँडना मिळून एक हिरवा घेऊ. थोरले म्हणाले, एकच घ्या, उत्तम, आमचा घ्या. मधले म्हणाले, एकच घ्या, पण बियाण्यांचा, कारण त्याला शास्त्रीय आधार आहे. तो उगवणीनंतरच्या पहिल्या पानाचा हिरवा आहे. धाकटे म्हणाले, पशुखाद्याचा हिरवा म्हणजे लसूणघासाचा हिरवा, म्हशीला विचारा. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं आणि त्याकडे बघत राहिल्या. एकसारखेपणा प्रत्येकाला हवा होता. फक्त बाकीच्या तिघांनी आपल्यासारखं व्हावं एवढीच अट होती.

मी विचारलं, “तुमच्या हिरव्याचा कोड आहे का कोणाकडे?” कोड कोणाकडेच नव्हता. पण पुरावा होता. पैठण रोडवर ज्या भिंती या कंपनीनं रंगवून घेतल्या आहेत, त्यांकडे प्रत्येकानं बोट दाखवलं. थोरल्यांचा प्रमाण हिरवा चितेगावच्या पुढच्या भिंतीवर. मधल्यांचा ढोरकीनच्या अलीकडे. धाकट्यांचा एका गोठ्यावर आणि वहिनींचा इसारवाडी फाट्याकडे. “डोळ्यानं बघा, फरक कळेल,” असं चौघांनीही बजावलं. मी मोबाइलमध्ये फोटो काढत हिंडलो. फरक खरोखरच दिसला. मान्य करावं लागलं.

नंतरच्या बैठकांचं सविस्तर वर्णन करण्यात अर्थ नाही. पोहे बदलून उपमा आला एवढाच काय तो बदल. पण काही प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही.

मधल्यांचा पोपटी पांढऱ्या पाटीवर दिसत नव्हता. अक्षर आणि पाटी यांच्या उजेडात निदान साडेचारास एक असा फरक हवा, असा जागतिक दंडक आहे. त्यांचा दोनाच्याही आत होता. मी आकडा दाखवला. ते म्हणाले, “मला तर स्पष्ट दिसतंय.” त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. “मग बाकीच्यांनी बी करून घ्यावं,” थोरले म्हणाले, आणि दोघा भावांचं त्या दिवशीचं बोलणं तिथंच संपलं.

मग बटणाचे कोपरे. मी ते थोडे गोल केले होते. दुसऱ्या दिवशी वास्तुशास्त्रवाले हजर. त्यांनी मोबाइल हातात घेतला, वरची बाजू उत्तर धरली आणि सांगितलं, की बटणाचा वरचा उजवा कोपरा म्हणजे ईशान्य. ईशान्य कापायची नसते, घरात लक्ष्मी टिकत नाही. मी विचारलं, “गिऱ्हाइकानं मोबाइल आडवा धरला तर?” त्यांनी बराच विचार केला. “मग गिऱ्हाइकाची लक्ष्मी जाईल,” ते म्हणाले, आणि हा तोडगा सर्वांना पसंत पडला.

बटणाच्या आकारावर मात्र एकमत व्हायला वेळ लागला नाही. अँड्रॉइडचा सल्ला असा, की बोट टेकायची जागा ४८ एककांची, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटरची असावी. थोरल्यांनी हाताचा अंगठा पडद्यावर ठेवला. त्याखाली बटण, त्याच्या शेजारचं बटण आणि वरची तारीख असं सगळं गुडूप झालं. तो अंगठा जन्मभर पाइपाच्या जोडावर दाबलेला. जागतिक सल्ला तयार करताना असा अंगठा कोणी मोजलेला नाही. आम्ही बटण मोठं केलं.

आणि मग मुळा.

बटणांचा जो तयार संच आम्ही सुरुवातीला घेतला तो परदेशी. अक्षराला वर टोपी असते आणि खाली शेपूट असते, हे त्या संचाच्या गावीही नव्हतं. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे दोन ओळींच्या मध्ये गपगुमान बसणारी वस्तू. त्यामुळे वरच्या वेलांट्या अर्ध्या छाटल्या गेल्या आणि खालचे उकार पार नाहीसे झाले. बियाण्यांच्या ॲपवर हिवाळी भाज्यांची यादी लागली. त्यात एक ओळ होती, ‘मुळा, ६० रुपये’. पडद्यावर उमटली ती अशी: ‘मळा, ६० रुपये’. खाली बटण: ‘मागणी नोंदवा’.

ज्या गावात गुंठ्याचा भाव चारचौघांत आवाज खाली आणून सांगतात, त्या गावात साठ रुपयाला मळा. सकाळपासून फोन सुरू झाले. पहिल्यानं विचारलं, सातबारा कोणाच्या नावावर आहे. दुसऱ्यानं विचारलं, विहीर आहे का. तिसरा शहाणा होता. त्यानं काहीच विचारलं नाही, सरळ तीन मळे नोंदवले आणि वर सूचना केली, की तिन्ही एका बांधाला लागून द्या. मधले काका फोनवर प्रत्येकाला “अहो, भाजीचा मुळा” असं समजावत होते, आणि पलीकडून प्रत्येक जण म्हणत होता, “मंग आता कामून फिरू लागले शब्द?”

त्यानंतर ओळींमधलं अंतर वाढवलं आणि अक्षरही बदललं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी देवनागरीसाठी मुक्ता, बलू अशी अक्षरं घडवून सगळ्यांना मोफत खुली करून दिली आहेत. त्यातली मुक्ता आम्ही घेतली. पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी आहे असं संगणकाला बजावून सांगितलं. तसं न सांगितल्यास काही अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि थोरल्या काकांनी ते पहिल्या नजरेत पकडलं होतं. ज्या माणसाला चार हिरव्यांपुढे दुसरं काही दिसत नाही असं मी समजत होतो, त्यानं ‘ल’ची गाठ ओळखली. “हा आपला ल नाही,” ते एवढंच म्हणाले. माझ्या कार्डावर मी सीनियर लिहितो.

घरी येऊन हे सगळं मी बायकोला रंगवून सांगायचो. ती शांतपणे ऐकायची. एकदा म्हणाली, “आपल्याकडे चहाच्या डब्यात रवा आहे, रव्याच्या डब्यात लाइटची बिलं आहेत आणि ‘साखर’ लिहिलंय त्यात तुमचे चार्जर. आधी इथं एखादी सिस्टीम होईल का?” मी तिला समजावलं, की ती वेगळ्या प्रकारची समस्या आहे.

बिडकीनमध्ये ज्या व्यक्तीला हा सगळा मामला पहिल्यापासून कळला होता, ती एकदाच बोलली. भावाभावांचं हिरव्यावरून फारच ताणलं, तेव्हा वहिनी पदर नीट करत म्हणाल्या, “एवढं काय त्यात? पैठणीसारखंच तर आहे. मोर तोच, मुनिया तीच, आसावली तीच. काठ ठरलेला. ज्याची त्यानं रंगसंगती निवडायची.” बिडकीनहून पैठण किती लांब ते काय सांगायचं, एवढ्या जवळ शतकानुशतकं चालत आलेला संच होता, त्याला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि मी मात्र अमेरिकेहून अणू आणले होते. मोराची चोच किती अंशात वळवावी यासाठी पैठणच्या विणकरांनी समिती नेमून पोहे खाल्ल्याचं ऐकिवात नाही. बोलणं सगळ्यांना पटलं. थोरले लगेच म्हणाले, “बरोबर. मंग काठ आमचा घ्या.”

शेवटी मी पेंटरला गाठलं. गेली कित्येक वर्षं या रस्त्यावरच्या कंपनीच्या सगळ्या भिंती हा एकच माणूस रंगवतो. शिडीवर उभा होता. वहीत बघून अक्षर काढायचे दिवस त्याचे कधीच संपलेले. मोकळ्या हातानं तो ‘पशुखाद्य’ असं लिहीत होता, आणि त्यातला उकार कुठेही कापला जात नव्हता.

“चार ब्रँडचे चार हिरवे असतात ना,” मी खालून विचारलं, “त्यांचे नंबर सांगता का?”

“नंबर कशाचे? डबा एकच येतो.”

“एकच?”

“एकच की. पाइपवाल्याला तसाच मारतो. बियाण्याची भिंत पडली पश्चिमेला, तिचा उन्हानं पोपटी होतो. पशुखाद्याला टर्पेंटाइन जरा जास्त पडतं, भिंत मोठी अन् पैसे कमी. मसाल्याची भिंत रोडला खेटून, धुरळ्यानं काळपट दिसती.”

म्हणजे मधल्यांच्या शास्त्रीय हिरव्याचं नाव होतं ऊन. धाकट्यांच्या लसूणघासाचं नाव टर्पेंटाइन. वहिनींच्या गंभीर हिरव्याचं नाव पैठण रोड. कंपनीची डिझाइन सिस्टीम पत्र्याच्या एका डब्यात कधीची तयार होती आणि तिला बैठकीची कधी गरज पडली नव्हती.

“हे काकांना सांगू का?” मी विचारलं.

पेंटर दोन पायऱ्या खाली उतरला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

“नका सांगू, सर. चार डब्यांचे पैसे लावतो मी.”

व्यवसायातली काही पथ्यं पाळावीच लागतात. मी गप्प राहिलो. संगणकावर एकच हिरवा ठेवला, पांढऱ्यावर व्यवस्थित वाचता येणारा, साडेचाराचा दंडक पार करणारा. मग त्याला चार नावं दिली: थोरला-हिरवा, मधला-हिरवा, धाकटा-हिरवा आणि वहिनी-हिरवा. चारही टोकनांच्या पोटात कोड तोच. पुढच्या बैठकीत प्रत्येकाला आपापलं ॲप वेगळं दाखवलं. थोरले म्हणाले, “हां, आता आला आमचा.” मधले म्हणाले, “पहिल्या पानाचाच आहे हा.” धाकट्यांनी म्हशीला विचारण्याचा आग्रह सोडला. वहिनींनी आपला मोबाइल धाकट्यांच्या मोबाइलला लावून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दोन्ही मोबाइल पालथे ठेवले. बिलात मी चार पॅलेट लावल्या.

अशा रीतीनं रंग ठरला, अक्षर ठरलं, अंगठा मावेल एवढं बटण ठरलं. त्याचे तीन कोपरे गोल आहेत आणि ईशान्य काटकोनात आहे. त्यावर काय लिहायचं यावरही एकमत झालं: ‘मागवा’. आता एकच बाब बाकी आहे. बटण सगळ्यांचं सामायिक असल्यामुळे ते कोणीही दाबलं की चौघांनाही मेसेज जातो, आणि चौघांनी होकार दिल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकत नाही. थोरल्यांचा होकार सहसा संध्याकाळी येतो, मधले शंका विचारतात आणि धाकटे अंगठा दाखवतात. तो ‘ठीक आहे’चा की ‘ठेंगा’, हे अजून कोणाला कळलेलं नाही. चिरंजीव म्हणतात, पुढच्या आवृत्तीत बघू.

तोवर ज्यांना मुळ्याचं बियाणं घाईनं हवं असेल, त्यांनी ॲपच्या नादी न लागता सरळ बिडकीनच्या दुकानात यावं. मधले काका स्वतःच्या हातानं पुडी बांधून देतात, आणि सुटे पैसे आणले तर बरं.